तोबाच्या मत्स्यालयातील उपाशी पाहुणा

जपानमधील नागोयाहून रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत तोबाला पोहोचता येते. या बाजूला येणारे बहुतेक प्रवासी इसेच्या देवस्थानासाठी येतात. मी मात्र तोबाच्या मत्स्यालयातील महाकाय आयसोपॉड, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या नात्यातला खोल समुद्रातला कवचधारी प्राणी, पाहण्यासाठीच आलो होतो.

अंधाऱ्या दालनातील थंड पाण्याच्या टाकीत तो तळाला टेकून बसला होता. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली सापडणारा, बोट लावताच गोळी होणारा किडा वीतभर वाढला तर जसा दिसेल, तसेच त्याचे रूप होते: एकमेकांवर चढलेल्या फिकट कवचाच्या पट्ट्या, पायांच्या सात जोड्या आणि मोठे त्रिकोणी डोळे. मी वीस मिनिटे काचेपाशी उभा होतो. तेवढ्यात त्याच्या स्पर्शिकेचे टोक एकदाच हलले.

त्याच्याच एका पूर्वसुरीमुळे हे मत्स्यालय जगभर ठाऊक झाले. मेक्सिकोच्या आखातातून २००७ मध्ये आणलेल्या ‘क्रमांक १’ने २ जानेवारी २००९ रोजी एक मासा खाल्ला आणि त्यानंतर १४ फेब्रुवारी २०१४ रोजी मरेपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, समोर ठेवलेल्या अन्नाला जवळपास तोंडच लावले नाही. काळजीवाहकांची घालमेल मला समजते. परंतु शेकडो मीटर खोल अंधारात, वरून एखादा मेलेला मासा किंवा देवमाशाचे कलेवर कधी येईल याचा भरवसा नसताना, मिळेल तेव्हा पोटभर खाऊन पुढे संथपणे जगणे हाच या प्राण्याचा स्वभाव आहे.

टाकीसमोर मला रत्नागिरीतील आमचे स्वयंपाकघर आठवले. आई विळीवर बांगडा साफ करताना कधी कधी कल्ल्यांखालून पांढुरका, किंचित वाकडा किडा निघत असे. तो बहुधा नोरिलेका इंडिका, याच कुळकथेतला दुसरा आयसोपॉड. त्याला वाट पाहावी लागत नाही, कारण तो अन्नातच घर करतो: पिल्लू माशाला चिकटते, आधी नर होते, पुढे त्याचीच मादी होते, आणि ती पोटाखालच्या पिशवीत अंडी वाढवते. विशेष म्हणजे त्या जातीचे वर्णन १८४० मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी केले, तर आखातातील महाकाय जातीचे १८७९ मध्ये त्यांचे चिरंजीव आल्फोंस यांनी. आई तो किडा चिमटीत धरून मांजरापुढे टाकत असे आणि पुढचा बांगडा हाती घेत असे.