वैशाखातला तपकिरी

मे महिन्यात वेताळ टेकडीवर काय बघायचं, असं मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. टेकडी बघायची ती ऑगस्टमध्ये, हिरवीगार, ढग खाली उतरलेले असताना, असा पुण्यात जणू ठरावच झालेला आहे. वैशाखात वर चढायचं ते फक्त साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी. माझं मत उलट आहे. चित्र काढायची खुमखुमी असेल त्याने टेकडीवर जावं ते मे महिन्यातच. पावसाळ्यात टेकडी इतकी नटून बसते की आपल्याला करायला काही उरत नाही. हिरव्यावर हिरवा ओढायचा आणि घरी यायचं. उन्हाळ्यात ती हातावर काहीच ठेवत नाही, म्हणून डोळ्यांना काम लागतं.

त्यासाठी हळू चालावं लागतं, आणि पुण्यातल्या टेकडीवर तीच गोष्ट अवघड आहे. सकाळी सहाला ऊन वर यायच्या आत सगळे आपापल्या मनगटावरच्या घड्याळाचं ऐकत झपाझप निघालेले असतात. टेकडीवर प्रेम नाही असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवर रस्ता नको म्हणून हजारो पुणेकर भर गावात चालले, त्यात मीही होते. पण त्याच टेकडीवर आलो की आम्ही पावलं पूर्ण करून मोकळे होतो. मध्येच कोणी वाटेवर उकिडवं बसलं तर लोकांना वाटतं, चक्कर आली असणार.

एकदा मी अशीच बसले होते तर एक आजोबा थांबले.

"काय हरवलंय? किल्ली का?"

"नाही हो काका, कुसळ बघतेय."

"कुसळ?" त्यांनी पँट वर करून आपले मोजे दाखवले. "यात हवी तेवढी आहेत. घेऊन जा."

घेतलीही मी त्यातली दोन-तीन. कारण कुसळ ही टेकडीवरची सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. एका टोकाला अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि पुढे लांबच लांब काळपट शेपूट. ते शेपूट सरळ नसतं. खाली त्याला घट्ट पीळ असतो आणि वर ते मुडपलेलं असतं. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी मातीत घुसत जातं. मागे वळलेल्या केसांमुळे ते परत बाहेर येत नाही. मोज्यातून ओढताना आपण जे शब्द उच्चारतो त्याचं कारण तेच केस. तळहातावर कुसळ ठेवून बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकला की ते आपल्या डोळ्यांदेखत गिरकी घेतं. आजोबा दोन मिनिटं घड्याळ विसरून बघत राहिले, मग "बरं आहे" म्हणून निघून गेले.

मला त्या कुसळाने एक रेघ दिली. तोवर मी वाळलं गवत एका फटकाऱ्यात काढत असे, सगळं कसं झुळझुळीत. खरं कुसळ मात्र जाता जाता अडतं, वळतं, मग पुढे जातं. ती रेघ मी गवताच्या चित्रात वापरलीच नाही. पुढे कधीतरी आत्याचं रेखाचित्र काढताना ती आली. आत्या पाठीत वाकली आहे, आणि मान खांद्याला मिळते तिथे माझा हात नेहमी गुळगुळीत कमान काढून मोकळा व्हायचा. या वेळी तो अडला, वळला आणि पुढे गेला. आत्या म्हणाली, "अगदी म्हातारी काढलीस गं." मला ती दाद वाटली. लोक ज्याला प्रेरणा म्हणतात ती मला टेकडीवर कधी भेटलेली नाही. टेकडीवर भेटतं ते सामान. ते कुठे वापरायचं हे घरी आल्यावर, बहुतेक वेळा भलत्याच कामात कळतं.

रंगांचंही तसंच. मोबाइलवर फोटो काढून उपयोग नाही, हे माझं ठाम मत आहे. कॅमेरा स्वतःच्या हुशारीने रंग सावरून घेतो आणि दहा तपकिरी छटांचा एकच तपकिरी करून देतो. म्हणून मी वहीत लिहून आणते. यात मोठा आधार एका परदेशी पाहुण्याचा. एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार विक्षिप्त कवितांसाठी जास्त ओळखला जातो, पण १८४६ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले होते. १८७३ ते १८७५ या काळात तो हिंदुस्थानभर चित्रं काढत हिंडला आणि पुण्यातही राहिला. जागेवर पेन्सिलीने भरभर रेखाटायचं, कुठला रंग कुठे हे चित्रातच शब्दांनी लिहून ठेवायचं आणि शाई-रंग नंतर निवांत चढवायचे, ही त्याची पद्धत. खडकांचं स्पेलिंग तो मुद्दाम गमतीने चुकवायचा. राणीच्या मास्तरांना चालतं तर मला का नाही?

तर माझ्या वहीत असं असतं: 'सालईचं खोड, राखाडीत हिरवा, कागदासारखे पापुद्रे निघालेत, पापुद्र्याची आतली बाजू बदामी.' 'हिवर, उन्हात पिवळट, सावलीत पिवळट नाही.' 'उंदीरमारीच्या शेंगा, तडतड फुटतायत, आतून फिकट, बाहेरून काळ्या पडायला लागल्या.' ही उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प. मध्य अमेरिकेकडचं हे झाड आपल्याकडे टेकड्या हिरव्या करायला लावलं. त्याबद्दल वृक्षप्रेमींचा राग मला मान्य आहे, पण उन्हात त्याच्या शेंगा तडकतात तो आवाज मला आवडतो. रागात थोडी सूट.

एका वर्षी बुटांच्या तळव्यांना लागलेली माती झटकून टाकण्याऐवजी मी वाटीत घेतली. पाण्यात ढवळून जाड वाळू खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी वेगळं काढून सुकवलं. उरलेली भुकटी डिंकाच्या लाडवांसाठी आणलेल्या डिंकात खलली, कारण जलरंगात रंग धरून ठेवायला डिंकच असतो. घरातल्यांनी लाडवांची चौकशी केली. मी विषय बदलला. रंग झाला तांबूस, मळकट, किंचित खरखरीत. दुकानातल्या बर्न्ट सिएना नावाच्या तांबूस-तपकिरी रंगाच्या ट्यूबशेजारी त्याचा पट्टा ओढला तर नात्यातले वाटावेत इतके जवळचे. त्याचं कारण लोह. टेकडीचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. झिजता झिजता त्यातलं लोह गंजतं आणि माती तांबूस होते. सिएनाही लोहाचीच माती, भाजली की पिवळट रंग जाऊन लाल येतो. कुंडीला लावतो तो गेरू, वारली चित्राच्या मागची ती भिंत, घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे दोन काळ्या थरांमध्ये दिसणारा लाल पट्टा, सगळीकडे हाच गंज.

त्या मातीने मी टेकडीचाच एक उतार रंगवला. झाड नाही, पक्षी नाही, फक्त मुरमाची वाट. वाळलेला कागद दुसऱ्या दिवशी वर घेऊन गेले, जागेवर ताडून बघायला. मोज्यांवाले आजोबा खाणीजवळच्या बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा बदलून कागद लांब धरला, जवळ धरला.

"परवा इथे मोर उभा होता, एवढा मोठा. आणि तुम्ही माती काढलीत?"

"हो काका."

"पण वाट बरोबर आलीये," ते म्हणाले आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "गेल्या वर्षी मी आपटलो तो इथेच. हा मुरूम फार वाईट आहे."