खरजेचं मलम

कोपरखैरण्यातला माझा दवाखाना बैठ्या चाळीत आहे. भरदुपारीही ट्यूब लावावी लागते, आणि ट्यूबच्या उजेडात डोळ्यांचा पिवळेपणा हमखास चकवतो. हे मला ठाऊक होतं. तरीही चकलो.

मार्केटातले साठीचे माथाडी, मूळचे सातारकडचे. पहिल्यांदा आले तेव्हा फक्त अंगाला खाज. ॲलर्जीची गोळी दिली. आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा खरजेचं मलम दिलं, घरातल्या सगळ्यांना. एका खोलीत सात माणसं म्हटल्यावर खरूजच आठवते.

तिसऱ्या खेपेला बायको सोबत होती आणि नेमकी लाईट गेलेली. त्यांना उंबऱ्याशी बसवलं. डोळे हळदीसारखे!

"कावीळ हाय, ठावं हाय की," मावशी म्हणाल्या. "गावाकडं माळ घातलीया."

जुलै होता. पाण्यातून होणारी कावीळ आमच्याकडे पावसाळाभर असतेच. पण तिच्यात आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली. यांना यातलं काहीच नाही, पोटातही दुखत नव्हतं. फक्त पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली.

शौचाचा रंग विचारला. ते लाजून बाहेर बघू लागले.

"चुना कालवल्यागत," मावशींनीच सांगितलं. "अन् लघवी कोऱ्या चहावानी."

मग सगळं जुळलं. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शौच पांढुरकं, तेच रक्तातून लघवीत जातं म्हणून ती गडद. आणि खाजही त्या तुंबलेल्या पित्ताचीच. मी दोनदा कातडीवर औषध देत बसलो होतो. उजव्या बरगडीखाली हात ठेवला तर गुळगुळीत, न दुखणारा फुगवटा लागला. पित्ताशय. खड्यांमुळे वारंवार सुजलेलं पित्ताशय सहसा आक्रसतं, असं फुगत नाही; म्हणजे अडथळा खड्याचा नसावा. कूर्वाझिए या सर्जनने हे 1890 मध्येच लिहून ठेवलंय.

बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पित्ताचं पिवळं द्रव्य, खूप वाढून 14 आलं. यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी मात्र जेमतेम दीडशे. साध्या काविळीत तो बहुतेकदा हजाराच्या घरात जातो. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या, खडा कुठेच नाही. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयत, नलिकेच्या खालच्या टोकाला आवळ दिसली. मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून नळी बसवली, तेव्हाच घेतलेल्या पेशींत कर्करोग निघाला. ऑपरेशन होण्याजोगं आहे असं तिथल्या सर्जनने सांगितलं.

नळी बसवल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, काल रातभर झोपलो. खाज गेली." मग जरा थांबून, "ते मलम अर्धं उरलंय. लावायचं का अजून?"