फिरतं का गं अजून?

मंगळवार, रात्री उशिरा

आज नानांशी खोटं बोलले.

संध्याकाळी दोघं मेथी निवडत बसलो होतो. नाना एकेक पान खुडून ताटात टाकतात. चुकून काडी गेली तर ती शोधून बाजूला काढतात. एका जुडीला तास लागतो. माझ्या लेकीनं, सईनं, इथं लंडनला 'ले मिझ'ची, म्हणजे 'ले मिझेराब्ल' ह्या संगीत नाटकाची तिकिटं काढल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच चाललंय. मधेच हात थांबवून म्हणाले, "ते स्टेज अजून फिरतं का गं?" आणि मी ताटातून मान वर न करता म्हटलं, "हो, फिरतं की."

फिरत नाही. १३ जुलै २०१९ ला शेवटचं फिरलं. तारीख मला पाठ आहे, कारण त्या दिवशी जायचं ठरवून गेले नव्हते. का नाही गेले ते आता उगाळण्यात अर्थ नाही. त्यानंतर थिएटरची दुरुस्ती झाली, क्वीन्सचं नाव सॉन्डहाइम झालं, आणि डिसेंबरात तेच नाटक नव्या बांधणीत उभं राहिलं. गाणी तीच, गोष्ट तीच, फिरता रंगमंच मात्र नाही.

मग 'हो' का म्हटलं मी? झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. एक शब्द तर होता. नाना काही रागावणारे नाहीत, आणि शनिवारी दुपारी त्यांना डोळ्यांनी दिसणारच आहे. तरी तोंडातून 'हो' गेलं. जणू 'नाही' म्हटलं असतं तर आणखी कशाकशाला 'नाही' म्हणावं लागलं असतं.

माझं जुनं पत्र त्यांनी बरोबर आणलंय. सोमवारी बॅग लावताना 'दुःखी'च्या पानांत सापडलं. निळं एरोग्राम, घड्यांवर फाटत आलेलं. १९९८ चा हिवाळा. इथं येऊन दोन महिनेच झाले होते. पॅलेस थिएटरची सगळ्यात वरची, सगळ्यात स्वस्त अशी दोन तिकिटं. तेव्हा आम्ही दोघं होतो. त्याच रात्री घरी येऊन नानांना लिहायला बसले होते. गोष्ट लिहायची गरजच नव्हती, ती त्यांनीच आम्हाला सांगितलेली. नाटक ज्या कादंबरीवर बेतलंय, त्याच ह्यूगोच्या कादंबरीवरून साने गुरुजींनी लिहिलेलं ते 'दुःखी', दिवे गेले की कंदील जवळ ओढून दोन-चार पानं. चांदीची शमादानं चोराच्या हातात ठेवणारा म्हातारा आला की नानांचा आवाज बसायचा आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. म्हणून पत्रात मी फक्त स्टेजबद्दल लिहिलं. एक वर्तुळ काढलं, त्यावर बाण काढले, आणि खाली: 'नाना, आठवतं? लखोबा!'

सांगलीला त्यांनीच दाखवलं होतं 'तो मी नव्हेच'. अत्र्यांचं १९६२ चं नाटक, मी पाहिलं तेव्हा जुनं झालेलं, पण पणशीकर तेच. कोर्ट डोळ्यांसमोरून सरकत गेलं आणि त्याच्या पाठीमागून भलतंच घर आलं, तेव्हा मी नानांचा हात घट्ट धरला होता म्हणे. मला हात आठवत नाही. लाकडाची घरघर आठवते.

इथं घरघर नव्हती. लढाई संपते, बंदुका थांबतात, आणि खुर्च्या-टेबलं-गाड्यांचा तो प्रचंड ढीग, बॅरिकेड, आपोआप फिरायला लागतो. कोणी गात नाही. इतका वेळ आपण अलीकडून बघत असतो, आणि आता पलीकडची बाजू हळूहळू समोर येते. तिथं बंडखोर पोरांचा म्होरक्या आंजोलरास उलटा लोंबकळत असतो, खाली डोकं, मागे लाल झेंडा पसरलेला. मी जागेवर उठून उभीच राहिले होते. मागच्या माणसानं खांद्याला हात लावून बसवलं.

त्याच्यानंतर बायकांचं गाणं. पोरं मेली, दिवस तसेच फिरत राहतात, अशा अर्थाचं. त्या गात असायच्या आणि पायाखालचं स्टेज त्यांना गोल गोल नेत असायचं. चालून चालून परत तिथंच. इथं परदेशात नवी नवरी म्हणून आलेल्या मुलीला ते किती लागलं असेल, ते आत्ता ह्या वयात लिहितानाही नीट सांगता येत नाहीये.

तेच काढून टाकलं.

सईचं म्हणणं वेगळं आहे. ती सात-आठ वर्षांची असताना सिनेमा आला होता, २०१२ चा, ज्यात नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायलेत. तिथून तिला हे वेड लागलं. सिनेमात शमादानं देणारा म्हातारा बिशप झालेला कोल्म विल्किन्सन हाच लंडनचा पहिला वालज्याँ, म्हणजे तो चोर, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती अर्धा मिनिट गप्पच झाली. कधीकाळी ज्याला शमादानं मिळाली त्यानंच ती पुढच्याला दिली. अशा गोष्टी कळायला माणूस त्या नाटकाचा वेडाच लागतो. नवी बांधणी तिनं तीनदा पाहिली आहे. तिच्यासाठी 'ले मिझ' म्हणजे तेच. म्हणते, "आई, आता मागे पडद्यावर त्याच्याच चित्रांवरून केलेली दृश्यं असतात. ज्यानं पुस्तक लिहिलं त्याची चित्रं!" ह्यूगो चित्रं काढायचा, शाई, कॉफी, काजळी जे मिळेल त्यानं, हे मला ठाऊक होतं. तरी उत्तर सुचलं नाही. सुरुवातीला कैदी आता वल्ही मारतात, आणि बायकांच्या त्या गाण्यात मेणबत्त्या असतात, असंही सांगत होती. मी भांडी घासत राहिले.

ऑफिसमध्ये एकजण आहे, जुन्याचे तीसेक प्रयोग बघितलेली. नव्याच्या वाटेला गेली नाही. आम्ही दोघी कधी कधी चहाच्या वेळी त्या फिरणाऱ्या स्टेजबद्दल बोलतो, जसं लोक गेलेल्या माणसाबद्दल बोलतात.

खरं म्हणजे रडू मला स्टेजसाठी येत नाहीये. सत्तावीस वर्षं पत्रांत, मग फोनवर नानांना जे जे वर्णन करून सांगितलं, त्यातलं दाखवायला काय उरलंय? पॅलेस थिएटरवर दुसऱ्याच नाटकाची पाटी. पहिलं घर पाडून तिथं फ्लॅट झाले. आणि बाकीचं त्यांना न सांगताच कळलंय, ते विचारत नाहीत. ते यायच्या आधी सगळंच बदलून गेलं. लवकर बोलवायला हवं होतं. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आता त्यांना हात धरून जिना उतरावा लागतो, आणि माझ्यापाशी दाखवायला एक वर्तुळ होतं तेही नाही.

म्हणून 'हो' म्हटलं असणार. आजचा एक दिवस तरी ते तिथं फिरत राहू दे, म्हणून.

पण खोटं ते खोटं. आणि हे पहिलंही नाही. मघाशी आठवलं आणि पोटात गोळाच आला. त्या एरोग्रामला नानांचं उत्तर आलं होतं. वाचनालयातून जाड इंग्रजी पुस्तक आणून त्यांनी सगळं वाचून काढलं होतं, वॉटर्लूच्या लढाईसकट, पॅरिसच्या गटारांसकट. त्यांनी विचारलं होतं, 'पुस्तकाची गाणी केली हे ठीक. पण चाळीस सूंचा प्रसंग ठेवला आहे का?'

तो प्रसंग असा. बिशपनं शमादानं दिली, चोरी माफ झाली, वालज्याँ गावाबाहेर येऊन बसलाय. एक लहान पोरगं चाळीस सूंचं फ्रेंच नाणं उडवत, झेलत येतं. नाणं निसटून घरंगळतं आणि वालज्याँ त्यावर पाय ठेवतो. पोरगं रडतं, माझं नाणं द्या म्हणतं. हा पाय उचलत नाही. पोरगं पळून गेल्यावर पायाखालचं नाणं दिसतं, आणि मग तो एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रडतो. नाना म्हणायचे, ब्रेडची चोरी भुकेची, चांदीची चोरी रागाची, पण ही चाळीस सूंची चोरी खरी, कारण ही माफी मिळाल्यावर केली.

नाटकात तो प्रसंग नाही. बिशपचं झाल्यावर वालज्याँ एक गाणं म्हणतो आणि बदलतो. मी नानांना तेव्हा काय लिहिलं? 'प्रयोग सव्वातीन तासांचा होता, तिकडे थंडी फार आहे.' उत्तरच टाळलं. त्यांना ते नाटक आवडावं इतकी इच्छा होती माझी. त्यांनी ते पाहिलंही नव्हतं, पाहतील अशी शक्यताही नव्हती, तरी त्याच्यात काही कमी आहे हे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं.

म्हणजे १८६२ च्या कादंबरीवर जीव असलेल्या माणसाला १९८५ चं नाटक अपुरं वाटणार, आणि १९८५ च्या नाटकावर जीव असलेल्या मला २०१९ चं. लंडनच्या बार्बिकन थिएटरात पहिला प्रयोग झाला तेव्हा बहुतेक समीक्षकांनी झोडपलंच होतं त्याला. तिकिटांच्या रांगा लागल्या म्हणून ते वाचलं. ज्याला मी मूळ, मूळ म्हणत बसले आहे ते तरी मूळ कुठे? त्याच्याही आधी १९८० ला पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये झालेलं. पोस्टरवरची ती केस उडालेली कोझेत कादंबरीच्या जुन्या आवृत्तीतल्या चित्रातून उचललेली. मूळ चित्रात तिच्या हातात तिच्याहून मोठा झाडू आहे. पोस्टरवर फक्त चेहरा ठेवलाय. प्रत्येकानं आपल्याला हवं तेवढं घेतलं. मीही वर्तुळच घेतलं होतं.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. उद्या सकाळी सांगते त्यांना.

बुधवार, सकाळ

सांगितलं.

नाना चहा घेऊन खिडकीत बसले होते. डोळे तारवटलेले. मी म्हटलं, "नाना, काल मी चुकीचं सांगितलं. स्टेज आता फिरत नाही. काढलंय ते."

कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "नक्की नाही ना फिरत?"

"नाही."

"मग बरंय," म्हणाले, आणि खुर्चीत सैल झाले. गेल्या वर्षापासून त्यांना गरगरतं. जत्रेतला पाळणा लांबून बघितला तरी. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, मला कळवलं नव्हतं. रात्रभर हाच विचार करत होते, की दोन-अडीच तास डोळे मिटून बसावं का, का तुम्ही दोघी जा, मी बाहेर बाकावर थांबतो म्हणून सांगावं. सईनं एवढे पैसे घातलेत म्हणून बोलता येईना. माझं 'हो' ऐकून त्यांचीही झोप उडाली होती. एका भिंतीच्या अलीकडे मी जागी, पलीकडे ते.

मी त्यांच्या प्रश्नात आस ऐकली आणि ती होती धास्ती. मला इतकं हलकं वाटलं, आणि लगेच इतकं एकटं. त्या फिरण्याचं दुःख आता माझ्या एकटीचं. असू दे. नाना शेवटपर्यंत बसू शकतील, हे माझ्या वर्तुळाहून मोठं आहे. मी शनिवारी मेणबत्त्या बघेन. आवडल्या तर सईला सांगेन, नाही आवडल्या तरी सांगेन.

चहा संपवून नानांनी विचारलं, "आणि ते चाळीस सूंचं?"

ह्या वेळी थंडी मधे आणली नाही. "नाहीये, नाना. तेव्हाही नव्हतं."

"नाहीच?"

"नाही."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वालज्याँ फार लवकर सुधारतो."

"हो."

"सईला माहीत आहे का तो प्रसंग?" मला नव्हतं माहीत तिला माहीत आहे का. हॅरोहून पिकॅडिलीपर्यंत गाडीत वेळ आहे, तेवढ्यात सांगतो म्हणाले. मग माझ्या पर्सकडे बोट दाखवून, "मोठंसं नाणं आहे का गं एखादं? पाय ठेवून दाखवायला."

दोन पौंडांचं होतं, ते दिलं. हातात घेऊन त्यांनी आधी त्याचं वजन पाहिलं, मग चपलेच्या टोकानं झाकून बघितलं, पुरतं झाकलं जातं का ते.