स्टीलच्या तांब्याचा रंग

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचा हात जलरंगांवर बसलेला असतो. ॲक्रिलिक हाताळण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. म्हणून एका रविवारी वर्गात ॲक्रिलिकमध्ये स्थिरचित्राचे झटपट प्रात्यक्षिक द्यायचे ठरवले आणि वस्तू निवडण्याचे काम मुलांवर सोपवले. समई किंवा मातीचे मडके येईल, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा तांब्याच टेबलावर आणून ठेवला.

बोर्डावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात मारून मी रेखांकन सुरू करताच मागून प्रश्न आला, "सर, चंदेरी रंग कुठे आहे?" चंदेरी रंगाने तांब्या रंगवला, तर तो कापलेल्या पत्र्यासारखा सपाट दिसतो. चकचकीत स्टीलमध्ये दिसते ते बहुतांशी भोवतालचेच प्रतिबिंब, म्हणून डोळे किलकिले करून तांब्यावर काय काय दिसते ते सांगा, असे मी मुलांना म्हटले. गळ्याखाली जवळजवळ काळी पट्टी होती. ती अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून लावली. पोटावर खिडकी वाकून बसली होती, बुडाशी टेबलावरच्या चादरीचा निळा रंग उतरला होता आणि उजव्या कडेला पुढे बसलेल्या मुलीच्या ओढणीचा केशरी रंग चमकत होता.

पंखा बंद करायला लावला, कारण वाऱ्याने ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळते. शिवाय त्यातला बाइंडर, म्हणजे रंगकणांना धरून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग थोडा गडद होतो. हे लक्षात ठेवून प्रत्येक छटा किंचित फिकी मिसळत होतो.

इतक्यात ती मुलगी उठून बाहेर गेली आणि तांब्यावरचा केशरी रंगही तिच्याबरोबर गेला. तिथे आता भिंतीचा राखाडी रंग दिसू लागला. निम्मा वर्ग म्हणाला, पुसून टाका. उरलेल्यांचे म्हणणे, राहू द्या. तैलरंगात असे काही करायला गेलो असतो, तर ओल्या थरात चिखल झाला असता. इथे खालचा थर वाळला होता, म्हणून मी त्यावर सरळ राखाडी रंग लावला. तांब्या अचूक झाला, पण निर्जीवही झाला. राखाडी वाळल्यावर पुन्हा केशरी रंग चढवला. निळ्याच्या शेजारी तो मला हवाच होता. समोर दिसते ते सगळे चित्रात यायलाच हवे आणि नाहीसे झालेले काढायलाच हवे, हा आग्रह परीक्षेपुरता ठीक आहे.

शेवटी गळ्यावर जाड टायटॅनियम व्हाइटचा एकच ठिपका ठेवला. काठावरही द्या, असे मुले सांगत होती, दिला नाही.

मग त्यांनी आपापले बोर्ड घेतले. खिडकीजवळच्यांचा तांब्या निळसर झाला, हिरव्या फळ्यापाशी बसलेल्यांचा शेवाळी. आणि चंदेरी रंग मागणाऱ्याने स्वतःचा लाल टी-शर्ट तांब्याच्या पोटावर इतका ठळक रंगवला, की त्याला गळ्याखालची काळी पट्टी दुसऱ्यांदा द्यावी लागली.