दाणा आपला, कडबा बैलाचा

आमच्या यवतमाळकडच्या गावांत ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी एवढ्यावर जेवण पुरे होत असे, आणि सोयाबीनने शिवार व्यापल्यावरही काही घरांत ते तसेच होते. हे साधे जेवण पचवताना शरीर किती निवडक कारभार चालवते, याचा विचार जेवणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. येऊ नये हेच बरे, नाहीतर घास उतरायचा नाही.

भाकरीचा कोरडा तुकडा बराच वेळ चावला, की गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन (एन्झाइम), पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. मात्र या अमायलेजला वरणातील प्रथिनांशी काही देणेघेणे नसते. विकराच्या खाचेत ठरावीक घडणीचाच रेणू बसतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये यासाठी कुलूप-किल्लीचा दाखला दिला होता.

प्रथिनांची पाळी जठरात येते. तेथील पेप्सिन हे विकर जर्मन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधले. मला खरे नवल वाटते ते पेप्सिनवरील बंदोबस्ताचे. जठराच्या पेशीही प्रथिनांच्याच बनलेल्या असल्यामुळे त्या पेप्सिन तयार स्थितीत साठवत नाहीत, तर पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बाहेर सोडतात, आणि जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ पडल्यावरच ते कामाला लागते. स्वादुपिंडाच्या ट्रिप्सिनलाही हाच नियम आहे. त्याला जागे करणारे विकर लहान आतड्याच्या अस्तरात बसलेले असते. ट्रिप्सिन वाटेतच, वेळेआधी जागे झाले, तर ते स्वादुपिंडालाच पचवू लागते आणि रोगी वेदनेने कळवळतो. जवसाच्या तेलाचे थेंब पित्त बारीक करते आणि मग लायपेज हे विकर त्यांचे विघटन करते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण ही सारी विकरे ३७ अंशांच्या आसपासच नीट चालतात. उन्हात राबणाऱ्याचा घाम त्यांनाही जपत असतो.

या निवडीची कमाल ज्वारीच्याच धांड्यात दिसते. दाण्यातील पिष्ट आणि कडब्यातील सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. फरक एवढाच, की त्यांच्या कड्या वेगळ्या रीतीने जोडलेल्या असतात. तेवढ्या फरकाने दाणा आपले अन्न ठरतो आणि कडबा गोठ्यात जातो, कारण ती दुसरी जोडणी तोडणारे विकर माणसाचे शरीर बनवत नाही. गंमत अशी, की बैलाचे शरीरही ते बनवत नाही. त्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव ते बनवतात, आणि बैल रवंथ करून त्यांना बारीक झालेला चारा पुरवत राहतो.