सेशन १९ आणि २०: वॉरलॉकने पॅलॅडिनचा चेहरा घेतला

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. मागच्या वेळी लिहिलं होतं की वॉरलॉकला (करार करून जादू मिळवलेलं पात्र) न्यूट्रल इव्हिलच, म्हणजे स्वार्थी आणि दुष्ट, राहू देतोय आणि पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, त्याला सांभाळून घेतेय. ते सगळं सेशन १९ ला कोसळलं आणि सेशन २० ला पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा पक्कं. त्यामुळे आज मिनींच्या (खेळातल्या छोट्या पुतळ्यांच्या) रंगकामाचं काही नाही. दोन्ही बगबेअर राक्षस पूर्ण झालेत, काळा वॉश (पातळ रंग) केसांच्या खाचांत सुरेख बसलाय, एवढंच सांगतो.

झालं ते असं. पार्टी पाचव्या लेव्हलला. गावाने हिवाळ्याच्या धान्यासाठी २०० सोन्याची नाणी जमवून गिरणीवाल्याकडे ठेवली होती. मध्यरात्री वॉरलॉकने पॅलॅडिनचं, म्हणजे पार्टीतल्या शपथबद्ध लढवय्या बाईचं, रूप घेतलं आणि गिरणीवाल्याचं दार ठोठावलं. मास्क ऑफ मेनी फेसेस ही वॉरलॉकची शक्ती असली की डिसगाइज सेल्फ हा रूप बदलायचा मंत्र हवा तितक्या वेळा करता येतो, स्लॉट (मंत्रांचा मोजका कोटा) जात नाही. आवाज मात्र बदलत नाही, म्हणून त्याने तोंडाभोवती फडकं गुंडाळलं आणि थंडीने घसा बसलाय म्हणाला. डिसेप्शनला, म्हणजे थाप पचवायच्या फाशाला, १९ पडले. रूप ओळखायला इन्व्हेस्टिगेशनवर, म्हणजे बारकाईने तपासायच्या फाशावर, १५ लागत होते, पण ज्या बाईने आठवड्यापूर्वी गिरणीवाल्याच्या मुलाला गॉब्लिनांच्या तावडीतून सोडवलं, तिला कोण निरखून बघतं? गिरणीवाल्याने पेटी काढून दिली. सकाळी सगळं गाव पॅलॅडिनच्या दारात उभं.

हे सारं चिठ्ठ्यांवर झालं. वॉरलॉकच्या खेळाडूने चिठ्ठी सरकवली, मी वाचून मान हलवली, त्याने टाकलेले फासे फक्त मी पाहिले. सकाळचा सीन जबरदस्त रंगेल असं मला मनापासून वाटत होतं.

पॅलॅडिन माझी मावसबहीण खेळते. गेले आठ महिने ती हे पात्र जीव लावून सांभाळतेय. तिने गावकऱ्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग वॉरलॉकच्या खेळाडूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तिने फासे एकेक करून बटव्यात भरले, डी२० (वीस बाजूंचा फासा) सगळ्यात शेवटी, आणि नाडी ओढली. चार तासांचं सेशन दीड तासात संपलं. भडंगाची परात तशीच भरलेली राहिली.

पुढचा आठवडा मी याच एका गाठीवर घालवला. इव्हिल पात्रांना सरसकट बंदी घालायची, हा सल्ला सगळेच देतात. पूर्वी ते काम नियमच करायचे. १९७४ च्या मूळ नियमांत अलाइनमेंटला (पात्राच्या नैतिक कलाला) लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढंच होतं, गुड-इव्हिल नंतर आलं. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये असॅसिन (मारेकरी) इव्हिलच असायला हवा आणि पॅलॅडिनने इव्हिल माणसाच्या संगतीत राहायचं नाही, म्हणजे ते दोघं एका टेबलावर येण्याचा प्रश्नच नव्हता. आपण खेळतो त्या २०१४ च्या नियमांत अलाइनमेंट जवळपास नावापुरती उरलीय. डिव्हाइन सेन्स या पॅलॅडिनच्या शक्तीला सिलेस्टियल (स्वर्गीय), फीन्ड (नरकातले) आणि अनडेड (मेलेले तरी चालते) कळतात. शेजारी झोपलेला माणूस वाईट आहे हे कळत नाही. त्यामुळे हा तिढा टेबलावरच्या माणसांनीच सोडवायचा असतो.

मग पार्टीतल्या पार्टीत हल्ला करायचा नाही, असा नियम लिहिला. पण वॉरलॉकने हल्ला केलाच नव्हता, इनिशिएटिव्हसुद्धा (लढाईत कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) पडली नव्हती. त्याचा खेळाडू फोनवर म्हणाला, "अरे, माझं कॅरेक्टर असंच वागणार ना!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. माझं मत स्पष्ट आहे: पात्र त्या रात्री दहा गोष्टी करू शकलं असतं आणि त्या दहाही त्याला शोभल्या असत्या. त्यातली कुठली निवडायची हे पात्र ठरवत नाही, आपण ठरवतो. शेवटी वॉरलॉकला एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) करून खलनायक बनवायचं ठरवलं आणि त्याच्या किल्ल्याची दोन पानंही लिहून काढली.

गुरुवारी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "चोरीचं मला काही वाटलं नाही रे दादा. चेहरा घेतला तेही चाललं असतं. तुम्ही दोघं खेळत होतात आणि मी बाहेर बसले होते."

मी आठवडाभर वॉरलॉकला दुरुस्त करत होतो आणि बिघाड माझ्या चिठ्ठ्यांमध्ये होता. त्याच रात्री किल्ल्याची पानं बाजूला ठेवली आणि सगळ्यांना कळवलं: पात्रं एकमेकांपासून हवं ते लपवू देत, खेळाडूंमध्ये गुपित नाही. आणि एकाच्या कृतीची झळ दुसऱ्याच्या पात्राला बसणार असेल, तर पुढे काय होतं ते ज्याला झळ बसते तो सांगेल. तिथे फासे नाहीत. ऑनलाइन खेळणाऱ्यांनीही खासगी मेसेजची सोय बंद करून पाहा. नकाशे आणि टोकनसाठी ऑनलाइन खेळाचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण खासगी मेसेजची सोय म्हणजे माझी चिठ्ठीच आहे.

सेशन २० त्याच सकाळपासून सुरू केलं. वॉरलॉकच्या खेळाडूने रात्रीची सगळी हकीकत टेबलावर मोठ्याने सांगितली. बहिणीने थोडा विचार केला आणि म्हणाली, माझ्या पॅलॅडिनला यातलं काही कळलेलं नाही. मग पॅलॅडिन गिरणीवाल्यासमोर गुडघ्यावर बसली: "नाणी मी घेतली नाहीत. पण माझ्या चेहऱ्याने घेतली, म्हणजे फेडायची मीच."

टेबलावर कोणी हललं नाही. पाचही जणांना सगळं माहीत होतं, म्हणूनच ते वाक्य इतकं लागलं. थोड्या वेळाने वॉरलॉकचा खेळाडू स्वतःहून म्हणाला, "रात्री मी ३० नाणी तिच्या खोगिराच्या पिशवीत ठेवतो." आमच्या क्लेरिकने (देवभक्त पात्राच्या खेळाडूने) विचारलं, का? "गावाने तिला हाकललं तर झोपेत माझ्यावर पहारा कोण देणार?" अजूनही तितकाच स्वार्थी, आणि तरी पार्टीला धरून. इव्हिल पात्राला हेच कारण हवं होतं, आणि ते त्याचं त्याने शोधलं. असा आनंद मला कुठल्याही ड्रॅगनच्या लढाईने दिलेला नाही.

पुढच्या सेशनसाठी देऊळ मॅटवर (घरं आखलेल्या नकाशाच्या चटईवर) काढून ठेवलंय. पुजारी झोन ऑफ ट्रुथ हा खोटं बोलू न देणारा मंत्र टाकणार: १५ फूट त्रिज्या, म्हणजे आपल्या मॅटवर तीन घरं, आणि दहा मिनिटं. वॉरलॉकचा सेव्ह (मंत्र चुकवायचा फासा) फसला तरी त्याला स्पेल जाणवतो, त्यामुळे तो गप्प राहू शकतो, आणि त्याचं ते गप्प राहणंच सगळ्यांना दिसेल. जाता जाता, लाल वेट-इरेज पेन व्हिनाइल मॅटवर वापरू नका. रात्रभर राहिला की गुलाबी डाग कायमचा. काळा आणि निळा पुसला जातो.

पण हे लिहिताना लक्षात आलं की पुजाऱ्याचा डाव म्हणजे पुन्हा मीच परस्पर ठरवणं झालं. सत्य बाहेर आलं तर झळ पॅलॅडिनला बसणार, तेव्हा वेळ तिने सांगायची. तिची शपथ डिव्होशनची आहे आणि त्यात पहिलंच कलम प्रामाणिकपणाचं. व्हेंजन्सच्या शपथेत मोठ्या दुष्टाशी लढण्यासाठी लहान दुष्टाकडे काणाडोळा करता येतो. सगळं कळूनही वॉरलॉकला सोबत ठेवायचं म्हटलं तर तिला शपथ बदलावी लागेल, आणि तिला हवं असेल तर डीएम म्हणून माझी परवानगी आहे. त्या बदलाचा एक अख्खा सेशन होईल: जुनी शपथ कुठे सोडली, नवी कोणासमोर घेतली.

पुजारी सध्या रद्द. आज रात्री बहिणीला फोन करतो आणि दोन्ही शपथा तिला वाचून दाखवतो.