जुन्या गाडीत भंगारातला स्टिरिओ

भंगारातून सेट घेताना मागचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) वायरीसकट मागा. तो कापलेला असेल तर भाव पाडा. गाडीसोबत आलेला कंपनीचा सेट असेल तर सिक्युरिटी कोडचंही (लॉक झालेला सेट उघडायचा आकडा) विचारून घ्या. घरी आधी 12 व्होल्ट बॅटरीवर तपासा: पिवळी-लाल प्लसला, काळी मायनसला, एक स्पीकर जोडून.

गाडीत बॅटरीची मायनस काढूनच हात घाला. पिवळी कायम सप्लायवर, लाल चावीच्या ॲक्सेसरीवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरीवर. उलट झाल्या तर चावी काढताच स्टेशनं पुसली जातात. दोन्ही पिळून कायम सप्लायला जोडल्या, की उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. गाडीकडच्या वायरींच्या रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा.

खरी गोम स्पीकरमध्ये. सेटकडे सहसा पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगाच्या वायरीवर काळी पट्टी म्हणजे मायनस. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची मायनस थेट बॉडीला असते. चार चॅनेलच्या सेटला ती चालत नाही, ॲम्प्लिफायरचा आयसी (आवाज वाढवणारी चिप) जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी ओढा, कंटाळा आला तरी. इंजिनच्या वेगाबरोबर कुंईऽऽ वाढत असेल तर आधी अर्थिंग, म्हणजे काळ्या वायरीची बॉडीवरची जोडणी, बघा: रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, घट्ट.